नसल्याची चाचणी

माणूस काम करताना जेवढा घडतो, त्याहून अधिक तो वाट पाहताना घडतो. मोठ्या संस्थांच्या यशामागे कष्ट, चिकाटी, दूरदृष्टी वगैरे असते असं म्हणतात. असेलही. पण नीट पाहिलं तर प्रत्येक थोर संस्थेत एक माणूस असतो, जो बाकीच्यांना थांबायला लावतो. आमच्याकडे तो मान माझ्याकडे होता.

मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख. आमची कंपनी डेटाबेस बनवते. डेटाबेस म्हणजे नोंदींचं कोठार. कोणत्या गोदामात किती पोती आहेत, वाचनालयातलं कोणतं पुस्तक कोणाकडे अडकलंय, कोणत्या दवाखान्यात कोणाची दाढ काढली, हे सगळं त्यात नीट लावून ठेवायचं आणि कोणी विचारलं की बाहेर काढून द्यायचं. हे करणारा जो मजकूर असतो तो कोड, आणि तो कोड नीट चालतो की नाही हे तपासणारा दुसरा छोटा कोड म्हणजे टेस्ट (आमच्या परिपत्रकांत ‘चाचणी’, घाईत ‘टेस्ट’). कोडमध्ये कोणी काडीइतका बदल केला तरी सगळ्या टेस्ट पहिल्यापासून चालवायच्या. सगळ्या पास झाल्या की भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी पट्टी येते. एक जरी नापास झाली तरी लाल. आणि ज्याने बदल केला त्याने हिरवी पट्टी पाहिल्याशिवाय घरी जायचं नाही, असा नियम होता. तो मीच केला होता, त्यामुळे तो चांगला होता हे मला माहीत आहे.

जुने लोक सांगतात की एके काळी हिरवी पट्टी चहा निवायच्या आत यायची. फार हालाखीचे दिवस होते ते. लोकांना चहासुद्धा धड घेता येत नसे. पुढे टेस्ट वाढत गेल्या. मी रुजू झालो तेव्हा त्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरत, आणि माझ्या कारकिर्दीत त्या दिवसभर पुरू लागल्या. सकाळच्या बदलाची हिरवी पट्टी दिवेलागणीला येऊ लागली. ही वाढ पाहून मोठ्या साहेबांनी सर्वांसमक्ष माझी पाठ थोपटली होती.

या थांबण्याने आमच्या माणसांचं किती भलं झालं, याची मोजदाद अवघड आहे. एकाने घरबसल्या (म्हणजे ऑफिसात बसून) वकिलीची परीक्षा दिली आणि पास होताच पहिली नोटीस कंपनीला पाठवली. दोघीजणी विणकाम शिकल्या. सर्व्हरच्या खोलीतल्या गारठ्यात आज जे स्वेटर दिसतात ते त्यांच्याच हातचे. वाट पाहता पाहता एक लग्न जुळलं आणि एक मोडलं, त्यामुळे सरासरीने परिस्थिती जैसे थे राहिली. कर्मचारी समाधानाच्या पाहणीत त्र्याहत्तर टक्के लोकांनी ‘समाधानी’ असं लिहिलं. उरलेल्यांची हिरवी पट्टी अजून यायची होती.

या टेस्ट नेमकं काय तपासत, असं कोणी विचारेल. (आमच्यात कोणी विचारलं नव्हतं.) त्यातल्या निम्म्याअधिक टेस्ट, आता कोणीही करत नाही अशा गोष्टी अजून नीट होतात की नाही, हे पाहत. उदाहरणार्थ, डेटाबेसमधला अहवाल फॅक्सवर पाठवता येतो का? फॅक्सचं यंत्र तर कोणाकडे उरलं नव्हतं. म्हणून काकांनी (ते कोण, हे पुढे येईलच) फॅक्स यंत्र असल्याचं सोंग करणारा वेगळा कोड लिहिला होता. ते सोंग बरोबर वठतं का, हे पाहायला आणखी टेस्ट होत्या. सोंग करणारं यंत्र कागद अडकल्याचंही सोंग करी, आणि ते त्याने पुरेशा वेळा केलं नाही तर पट्टी लाल होई. फॅक्सचा कोड का ठेवलाय? तर त्याच्या टेस्ट आहेत म्हणून. टेस्ट का ठेवल्यात? तर कोड आहे म्हणून. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला होता, आणि दोघांनाही कुठे जायचं नव्हतं, त्यामुळे बिघाडाचा प्रश्नच नव्हता.

काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रामर. ते कोणाचेच काका नव्हते, पण सगळ्या मजल्याचे काका होते. डेटाबेसचा पहिला भाग त्यांनी एकट्याने लिहिला होता. हल्ली ते फक्त जुन्या टेस्ट सांभाळत. सकाळी यायचे, चष्मा पुसायचे, लाल झालेलं काही असेल तर गोंजारून हिरवं करायचे. बोलणं कमी. नव्या कामाच्या बैठकीला त्यांना बोलावलं जात नसे, कारण त्यांना जुनं सगळं माहीत होतं आणि त्याने बैठकीत व्यत्यय येई.

अशा या सुस्थितीत झाडूताई आल्या.

हे नाव त्यांना नंतर पडलं. आल्या तेव्हा त्या फक्त दुसऱ्या कंपनीतून आलेल्या एक हुशार प्रोग्रामर होत्या आणि त्यांना एक लहान मुलगी होती. नवरा फिरतीच्या नोकरीवर, म्हणून मुलीला सकाळी पाळणाघरात सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे त्यांच्याकडेच होतं. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या.

“सर, माझं काम सकाळीच झालंय. निघू का?”

“हिरवं झालं?”

“नाही ना. सर, मावशी सहाला पाळणाघर बंद करतात.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं की गुणवत्तेला बंद व्हायची वेळ नसते.

“गुणवत्तेला नसेल सर,” त्या म्हणाल्या, “मावशींना असते.”

मी हे उत्तर उर्मट या सदरात टाकलं, पण नंतर विचार केल्यावर ते नुसतंच खरं असल्याचं लक्षात आलं. तसं सदर आमच्याकडे नव्हतं.

त्या दिवशी त्या पोहोचल्या तेव्हा पाळणाघराचे दिवे मालवलेले होते. बाहेरच्या पायरीवर मावशी बसल्या होत्या, एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात मुलीचा हात. मुलीच्या पायात बूट, पाठीवर दप्तर. ती रडत नव्हती. उलट “आई, मी आणि मावशी तुझी वाट बघण्याचा खेळ खेळत होतो,” असं म्हणाली. झाडूताईंनी दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर काकांना हे सांगितलं. सांगताना हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या आणि कप विसळायला उठून गेल्या. चहा अजून संपला नव्हता.

आठवड्याभरात त्यांचा अर्ज आला. विषय: वापरात नसलेला कोड व कालबाह्य चाचण्या काढून टाकणेबाबत. वापर नाही ते काढू, टेस्ट कमी होतील, पट्टी लवकर येईल, एवढंच त्यात होतं. अर्ज अर्ध्या पानाचा होता, त्यामुळे तो पोरकट वाटला. तरी मी नव्या विचारांचं नेहमीच स्वागत करतो. मी ताबडतोब एक समिती नेमली.

उच्चाटन समितीने जे काम केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. आधी ‘वापरात नसलेला’ याची व्याख्या ठरली: जो वापरात असल्याचं कोणालाही आठवत नाही तो. मग ‘कोणालाही’ची व्याख्या करायला उपसमिती नेमली. मग मूळ मुद्द्यावर आलो. एखादा कोड काढला, तर तो निघाला हे कशावरून? माणूस म्हणतो काढला. माणसाच्या शब्दावर डेटाबेस चालत नाही. तेव्हा असं ठरलं की काढलेल्या प्रत्येक गोष्टीमागे एक नवी चाचणी लिहावी, जी ती गोष्ट आता नाही याची रोज खात्री करील. हिला आम्ही ‘नसल्याची चाचणी’ असं नाव दिलं.

झाडूताई बैठकीत म्हणाल्या, “सर, म्हणजे एक टेस्ट काढायची आणि एक घालायची?”

“एक नाही,” मी म्हणालो. “कोड गेल्याची एक आणि त्याची टेस्ट गेल्याची एक.”

त्यांनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते.

योजना अपेक्षेपेक्षा यशस्वी झाली. फक्त एक बारीक अडचण आली. एखादी वस्तू आहे का हे पाहायचं तर ती सापडेपर्यंतच शोधावं लागतं. पण ती नाही हे पाहायचं तर सगळं घर पालथं घालावं लागतं. त्यामुळे प्रत्येक नसल्याची चाचणी संपूर्ण डेटाबेस वरपासून खालपर्यंत चाळू लागली. जसजसा कोड कमी होत गेला तसतशी हिरवी पट्टी लांबत गेली. पूर्वी ती दिवेलागणीला येई, आता लोकांच्या घरून ‘जेवायला थांबायचं का’ असे फोन येऊ लागले. उच्चाटनाच्या प्रगतीचा आलेख मी केबिनबाहेर लावला. रेघ वरच चालली होती.

पाळणाघराच्या मावशी मात्र आलेख पाहू शकत नव्हत्या. त्यांनी एका संध्याकाळी झाडूताईंना स्वच्छ सांगितलं, “हे बघा, तुमची पोर गुणी आहे. म्हणून इतके दिवस गप्प बसले. पण मलाही घर आहे, म्हातारी सासू आहे. आता एकदा जरी उशीर झाला ना, तर दुसरीकडे बघा.” दुसरं पाळणाघर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. म्हणजे आता एक तर नोकरी जाणार होती, किंवा मुलीची रोजची मावशी.

याच सुमारास आम्ही सर्व विभागप्रमुख एका परिषदेला गेलो. विषय होता ‘जलद निर्णय’. परिषद लांबली.

पुढे जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. चौकशीत काकांनी सांगितलं तसं देतो. ते शांतपणे सांगत होते, आणि बचावाचा एक शब्दही बोलले नाहीत, त्यामुळे लिहून घेणाऱ्याची फार गैरसोय झाली.

प्रमुख गेले त्या सकाळी झाडूताई आपली खुर्ची ओढत काकांच्या टेबलाशी आल्या.

“काका, फॅक्सचं काढू का?”

“ते मी लिहिलंय.”

“म्हणून तर विचारतेय. दुसऱ्या कोणाचं असतं तर विचारलं नसतं.”

काकांनी खुर्ची पडद्याकडे वळवली. मग म्हणाले, “मुलगा पहिल्यांदा शाळेत गेला ना, तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी गिऱ्हाइकाला हे द्यायचं होतं. बायको म्हणाली, अर्धा तास या, नुसतं दारापर्यंत. नाही गेलो. कागद मध्येच अडकत होता.”

“आता कुठे असतो?”

“लांब. सुट्टीच्या दिवशी फोन करतो. तब्येत विचारतो, हवा विचारतो. मग दोघांनाही सुचत नाही.”

झाडूताईंनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. म्हणाल्या, “राहू दे काका. दुसरं काहीतरी काढू.”

“छे,” काका म्हणाले. “सरक. मीच काढतो.”

आणि त्यांनी काढलं. फॅक्स गेला, त्याचं सोंग गेलं, सोंगाच्या टेस्ट गेल्या, अडकणारा कागद गेला. त्याबरोबर नसल्याच्या चाचण्याही गेल्या, कारण काका म्हणाले, “नाही ते नाही. रोज उठून काय विचारायचं?” त्यांची पद्धत साधी होती. ज्याची शंका येईल ते काढायचं आणि उरलेल्या टेस्ट चालवायच्या. लाल झालं तर ती वस्तू कामाची, मुकाट्याने परत ठेवायची. हिरवंच राहिलं तर तिला रामराम. एकदा झालंही लाल. जवळजवळ कोणाच्याच ध्यानात नसलेला एक ओबडधोबड कोड काढला, तर एकोणतीस फेब्रुवारीच्या सगळ्या नोंदी एक मार्चमध्ये जाऊन पडल्या. काकांनी तो जिथला तिथे ठेवला आणि वर थाप मारावी तसं टेबलावर बोट आपटलं.

“हा चार वर्षांतून एकदा कामाला येतो,” ते म्हणाले. “पण येतो. वर बसलेल्यांपेक्षा बरा.”

(हे वाक्य चौकशीच्या इतिवृत्तातून वगळण्यात आलं आहे.)

काकांना हळूहळू चेव चढला. बंद पडलेल्या गिऱ्हाइकांच्या खास मागण्या, आता कोणी लिहीत नाही अशा लिपीतले आकडे, फ्लॉपी आत घाला असं सांगणारा संदेश, सगळं गेलं. आजवर प्रत्येक अहवाल या साऱ्या अडगळीतून वाट काढत बाहेर येत असे. मजल्यावरची माणसं विणकाम खाली ठेवून भोवती उभी राहिली. “काका, ते पण आहे बघा,” असं कोणीतरी सांगे आणि काका “आलोच” म्हणत. “जन्मभर घालत आलो, पोरी,” ते म्हणाले. “काढतानाही इतकं बरं वाटतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.”

शेवटी सगळ्या टेस्ट पहिल्यापासून चालवल्या. चहा आला. कप टेबलावर टेकला आणि भिंत हिरवी झाली. कोणाचा विश्वास बसेना. पडदा बिघडला असेल म्हणून एकाने तो बंद करून चालू केला. तरी हिरवाच.

झाडूताई त्या दिवशी उजेडात पाळणाघराला गेल्या. दार उघडताच मावशींनी आधी घड्याळ पाहिलं. “काय हो, नोकरी गेली?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर “मग घरी कोणाचं काही बरंवाईट?” असंही विचारून झालं. मुलगी तर घरी यायला तयारच होईना. तिचा खेळ अर्ध्यावर होता. झाडूताई मग पायरीवर बसून राहिल्या आणि खेळ संपायची वाट पाहू लागल्या. त्यांना म्हणे फार आवडलं ते.

आम्ही परिषदेहून परतलो तेव्हा कचेरीची रया गेली होती. लोक कामं करत होते. कुठेही गटागटाने चर्चा नाही, खिडकीशी कोणी नाही. विणणाऱ्या दोघींपैकी एकीचा स्वेटर एका बाहीवर अडला होता. मी तातडीने चौकशी बसवली.

“परवानगी कोणाची घेतली?” मी झाडूताईंना विचारलं.

“ज्यांनी लिहिलं त्यांची.”

“ती परवानगी नव्हे, ती संमती.”

“मग चौकशी माझी करा,” काका मध्येच म्हणाले. “काढलं मी. ही नुसती शेजारी बसली होती.”

“काका, खोटं नका बोलू,” झाडूताई म्हणाल्या. “सर, अर्धं मी काढलंय. नीट शोधलंत तर जास्तच.”

गुन्हा आपलाच असल्याबद्दल दोघं असे भांडू लागले की चौकशी मला दोनदा तहकूब करावी लागली. दरम्यान नुकसानीचा तपशील मागवला. गिऱ्हाइकांच्या तक्रारी: शून्य. हरवलेल्या नोंदी: शून्य. सर्व विभागप्रमुख जागेवर नसताना संपूर्ण डेटाबेस विनाअडथळा चालल्याचंही त्यात आढळून आलं. ही बाब विषयाशी संबंधित नसल्याने विचारात घेऊ नये, असं आम्ही सर्व विभागप्रमुखांनी एकमताने ठरवलं.

दोघांना काढावं की नुसती ताकीद द्यावी, यावर साहेब विचार करत असतानाच तक्रार आली, आणि माझ्या जिवात जीव आला. एका मोठ्या गोदामाचे मुकादम फोनवर होते. ते चिडले नव्हते, घाबरले होते.

“अहो, तुमचं काहीतरी बिघडलंय. बटण दाबलं की अहवाल लगेच येतोय.”

“आकडे चुकतात का?”

“आकडे बरोबर आहेत हो! पण लगेच येतायत. पूर्वी पडद्यावर ते चक्र फिरायचं, वाटायचं आत कोणीतरी मोजतंय. आता आमची माणसं म्हणतात, हे न मोजताच सांगतंय. सगळी पोती पुन्हा हाताने मोजायला बसलीयेत.”

अशा वेळी संस्थेला अनुभवाची गरज लागते. मी त्याच दुपारी ‘विश्वासविराम’ ही संकल्पना मांडली. अहवाल तयार झाल्यावर तो लगेच न देता डेटाबेसने थोडा वेळ काहीही करू नये आणि चक्र फिरवावं. मुकादम खूश झाले, माणसं पोती सोडून उठली. विरामात डेटाबेस खरोखरच काही करत नाही ना, हे पाहण्यासाठी मी स्वतः काही चाचण्या लिहून घेतल्या. प्रत्येक चाचणीला विराम संपेपर्यंत थांबावं लागतं. हिरवी पट्टी आता जेवणाच्या सुट्टीला येते, आणि वाढीला वाव आहे.

साहेब इतके प्रसन्न झाले की चौकशी विरून गेली. उलट झाडूताईंना बढती देऊन उच्चाटन समितीचं अध्यक्षपद देण्याचं ठरलं. समितीची बैठक रोज साडेपाचला. साहेबांनी पत्र हातात दिलं, झाडूताईंनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि परत केलं.

“नको सर.”

“का?”

“सहाला मुलगी आणायची असते.”

बढती नाकारण्याची पद्धत आमच्या नियमांत नसल्याने तो नकार नामंजूरही करता आला नाही. त्या पर्स उचलून निघाल्या. त्यांच्या मागोमाग, ज्यांना मुलं नाहीत असेही पाचसहा जण निघाले. हल्ली रोज निघतात. पट्टी हिरवी असते, त्यामुळे अडवायचं कोणत्या कलमाखाली, हे पाहतो आहे.

काकांनी नोकरीत पहिल्यांदाच कारण न लिहिता रजा टाकली आणि न कळवता मुलाकडे जाऊन उभे राहिले. मुलाने दार उघडून आधी “काय झालं?” असंच विचारलं. काही झालेलं नाही हे पटवून देण्यात पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून घराचा नळ दुरुस्त करत बसले, तो बिघडलेला नसताना, असं ऐकतो. परत आल्यापासून काका नवा कोड लिहितात आणि बैठकांना न बोलावता येतात.

हे सगळं वर पाठवण्यासाठी मी हा वृत्तांत लिहून काढला. पण तो फार लांबला, असा शेरा मारून साहेबांनी परत धाडला. आता मीही कालबाह्य गोष्टी ठेवणाऱ्यांतला राहिलेलो नाही. काकांचीच पद्धत घेतली. मुलीचा खेळ काढून पाहिला, सगळं लाल झालं. परत ठेवला. मावशींचं कुलूप काढलं, लाल. मुकादम काढले, लाल. विणकाम करणाऱ्या दोघी गेल्या तरी चालेल असं वाटलं होतं, पण त्यांच्यावाचूनही पट्टी लाल झाली. मोठ्या धीराने मी स्वतःला काढून पाहिलं. पट्टी किंचित थरथरली आणि लालच झाली, हे इथे नम्रपणे नमूद करतो.

मग एकच गोष्ट उरली होती. वाचक काढून पाहिला.

हिरवं.